प्रिंटरवर टाकलेला रुमाल

यवतमाळच्या आमच्या जिल्हा कार्यालयात एकच प्रिंटर होता, आणि त्याची वाट पाहणारी माणसं खालच्या रस्त्यावरही असत. आमचं हे वर्तमानपत्राचं कार्यालय पहिल्या मजल्यावर होतं. जिन्याच्या तोंडाशी काचेची एक चौकट होती. रोज संध्याकाळी बाजारभावाच्या पानाचं एक जादा प्रूफ त्या काचेला आतून चिकटवलं जाई. पांढरकवडा, वणी, ढाणकी, मुकुटबन इथले त्या दिवशीचे कापसाचे भाव त्यात असत. छापील अंक दुसऱ्या दिवशी सकाळी येई; काचेवरचा भाव संध्याकाळीच कळे. अडते, रिक्षावाले, कापसाच्या जिनिंग कारखान्यातून सुटलेले मजूर तो वाचत आणि समोरच्या टपरीवर चहा घेत. ही प्रथा कोणी सुरू केली हे मी एकदा विचारलं होतं. कोणाला सांगता आलं नाही.

ती कापसाच्या संकटाची वर्षं होती. मुंबई-दिल्लीहून पाहणी पथकं येत, कॅमेरे येत, आणि आमची पानं त्या बातम्यांनी भरलेली असत. त्याविषयी तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं, आम्हीही लिहिलं. इथे लिहायचं आहे ते पानं ज्या यंत्रातून बाहेर पडत त्या यंत्राविषयी.

आधी आमच्याकडे साधे संगणक होते. ते काढून मुख्य कार्यालयाने प्रत्येकाच्या टेबलावर जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी ठेवली. तिच्या आत साठवण्याची सोयच नव्हती. सगळं काम मागच्या खोलीतल्या एका सर्व्हरवर चाले आणि टेबलावर फक्त त्याचं चित्र दिसे. कागदोपत्री या पेटीला थिन क्लायंट म्हणत. कार्यालयात पहिल्याच दिवशी तिचं नाव डबी पडलं आणि तेच राहिलं. प्रिंटर एका डबीला जोडलेला होता, आणि ती डबी ताईंची होती.

ताई आमच्या पान लावणाऱ्या ऑपरेटर. पुसद, दारव्हा, वणी आणि जिल्ह्याचं मुख्य पान अशा चारही टेबलांवरच्या बातम्या त्यांच्याकडे येत आणि त्या त्यांची पानं लावून, म्हणजे बातम्या-फोटो रचून, ज्याची त्याला परत देत. माहेर पांढरकवड्याकडचं. नवरा नागपूर-हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवत असे आणि ट्रक ज्या बाजूला जाईल त्याप्रमाणे घरी येत असे. घरात सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. घर कार्यालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर होतं. मुलगी शाळा सुटली की कधी कधी जिन्यावर येऊन बसे आणि काचेवरचे भाव मोठ्याने वाचून दाखवी. खालची माणसं तिच्याकडून ते वाचून घेत.

पावसाळा संपता संपता नागपूरच्या मुख्य कार्यालयातून फोन आला. यवतमाळची पानं रोज उशिरा येतात, त्यामुळे छपाई अडते. महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर पानं नागपुरातच लावली जातील. ऑपरेटरला तिकडे यायचं असेल तर जागा आहे. आमच्या साहेबांनी, म्हणजे कार्यालयप्रमुखांनी, फोन ठेवला आणि हे सगळ्यांसमोर जसंच्या तसं सांगितलं. ताईंनी ऐकून घेतलं. मग त्या एवढंच म्हणाल्या, "नागपूरले जाऊन मी काय करू? पोरगी इथं, सासू इथं. अन् नवरा तर रस्त्यावर."

त्यांना दुसरी नोकरी यवतमाळात मिळाली असती की नाही, हे कोणी बोललं नाही. पान लावण्याचं काम करणारी कार्यालयं शहरात फार नव्हती.

पानं उशिरा का जात होती, याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं: प्रिंटर. पान कागदावर छापून साहेबांनी वाचल्याशिवाय ते छपाईसाठी नागपूरला सोडायचं नाही, असा नियम होता. त्यामुळे प्रिंटर अडला की पान अडत असे. ताई सोडल्या तर माझं, म्हणजे उपसंपादकाचं, टेबल प्रिंटरच्या सर्वांत जवळ होतं. त्यामुळे दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं; दुसरं कोणतंही कारण नव्हतं. ताई आणि मी दोघं मिळून त्याच्या मागे लागलो.

पहिला दोष सोपा निघाला. प्रिंटर ताईंच्या डबीला जोडलेला असल्यामुळे ती डबी बंद झाली की तो सगळ्यांसाठी नाहीसा होई. आणि आमच्याकडे जागेवरून उठताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय होती. विजेचा दाब कधी वाढेल याचा नेम नसल्यामुळे ती लागली होती आणि ती चांगलीच सवय होती. ताई जेवायला गेल्या की कोणीतरी भल्या मनाने त्यांचं बटण बंद करी. त्या बटणावर आम्ही जाड पुठ्ठा बांधला.

दुसरा दोष कळायला नागपूरला फोन करावा लागला. तिथे सिस्टीम सांभाळणारा एक माणूस होता. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. त्याचा फक्त आवाज ओळखीचा होता.

"रिस्टार्ट केला का?" तो विचारी.

"केला."

"फिरसे करा ना, सर."

"दोनदा केला. आता तर कोणाचंच प्रिंट जात नाही."

पलीकडे बराच वेळ कळफलक वाजत राहिला. मग तो म्हणाला, "अरे, तुमच्या डबीचा नंबरच बदलला. सर्व्हर बिचारा जुन्याच नंबरवर पेज पाठवून राह्यला."

म्हणजे डबी पुन्हा सुरू झाली की तिला जाळ्यात कधी कधी नवा क्रमांक मिळे, आणि सर्व्हर जुन्याच पत्त्यावर पानं टाकत राही. त्याने तो क्रमांक कायमचा पक्का करून दिला. ताईंनी तो डबीवर खडूने लिहून ठेवला. घराच्या दारावर लिहितात तसा.

तिसरा दोष इथल्या हवेतला होता. कापूस येऊ लागला की जिनिंगकडून रुईचे बारीक तंतू उडत येत. आमच्या खिडक्या उघड्या असत, कारण लाइन, म्हणजे वीज, नसली की पंखा नसे. तंतू प्रिंटरच्या रबरी रुळाला गुंडाळले जात आणि कागद तिरका ओढला जाई. रूळ ओल्या फडक्याने पुसावा लागे. ताई ते काम सकाळी आल्या आल्या करत, आणि निघालेली रुई चिमटीत धरून म्हणत, "पाहा सर, एवढ्यात समईची वात होते."

एवढं झाल्यावर प्रिंटर सुधारला. दुपारपर्यंत तो तक्रार न करता चाले. संध्याकाळी मात्र पुन्हा तेच. पानं उशिरा जात, साहेब चिडत, आणि खाली टपरीवाला वर पाहून ओरडे, "काहून बापा, आज कापूस विकला नाई का कुठं?"

संध्याकाळचं गणित असं होतं. दुपारनंतर भारनियमन असे. डब्या आणि सर्व्हर इन्व्हर्टरवर होते, त्यामुळे काम चालू राही. प्रिंटरचा भार इन्व्हर्टरला झेपत नव्हता, त्यामुळे तो बंद असे. दिवेलागणीला लाइन आली की प्रिंटर जागा होई, आणि पानं सोडायची वेळ तोवर तोंडावर आलेली असे. तेवढ्या वेळात चारही टेबलांची पानं छापून, वाचून, दुरुस्त करून पाठवायची. हे अवघड होतं, पण अशक्य नव्हतं. पानं मोजली आणि प्रिंटरचा वेग पाहिला तर वेळ पुरायला हवा होता. पुरत नव्हता.

एका संध्याकाळी लाइन आली तेव्हा मी प्रिंटरच्या बाजूलाच उभा होतो. तो गरम झाला, कण्हला, आणि त्यातून पहिला कागद आला. त्या एवढ्या मोठ्या कागदावर मध्यभागी एकच शब्द होता: पुसद. दुसऱ्या कागदावर: दारव्हा. मग पुन्हा पुसद. मग वणी. मग पुन्हा पुसद. असे कागद येतच राहिले. त्यांच्या मागे खरी पानं ताटकळत होती. टेबलांवरून ओरडा सुरू झाला, प्रत्येकाने आपलं पान पुन्हा पाठवलं, रांग आणखी लांबली, कोणीतरी घाईत रद्द करायला गेला आणि यंत्रच गोठलं. म्हणजे रोजच्यासारखंच. फक्त ते सुरुवातीपासून पाहणारा आज पहिल्यांदा कोणीतरी होता.

ताईंनी कागद गोळा केले आणि पुसदच्या टेबलाकडे गेल्या. तिथे आमचे काका बसत. काका सगळ्यांत जुने बातमीदार. पुसद, उमरखेड, ढाणकी हा भाग त्यांच्याकडे होता आणि त्या भागातला कोणता पूल कधी वाहून गेला हे त्यांना तोंडपाठ होतं.

"काका, हे काय हाय?"

काकांनी कागद पाहिला. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. "रुमाल हाय तो माह्या."

"रुमाल?"

"मंग? दुपारी लाइन गेली की मी नंबर लावून ठेवतो. त्या खिडकीत यादी दिसते ना, तुमच्या कम्प्युटरवर? त्यात माहं नाव वर पाह्यजे. पान तयार झालं की मंग टाकतो."

ताई तिथेच खुर्चीवर बसल्या. मी पाहिलं तर त्या हसत होत्या.

हे समजायला आमचं बसस्थानक ठाऊक हवं. पांढरकवड्याची किंवा पुसदची गाडी फलाटाला लागते न लागते तोच खाली उभा माणूस खिडकीतून आत रुमाल टाकतो. रुमाल ज्या बाकावर पडला ती जागा त्याची. मग तो निवांत दाराने चढतो. रुमाल उचलून कोणी तिथे बसलं तर भांडण होतं, आणि त्या भांडणात सगळी गाडी रुमालवाल्याच्या बाजूने असते. हा कायदा कुठे लिहिलेला नाही आणि कोणी मोडत नाही.

काकांनी संगणकावरची छपाईची यादी पाहिली, तीत माणसांची नावं एकाखाली एक दिसली, आणि त्यांनी तिला गाडी समजून रुमाल टाकला. त्यांचं पाहून दारव्हावाल्याने टाकला, मग वणीवाल्याने. पाच मिनिटांनी पुन्हा पाहावं तर आपलं नाव खाली गेल्यासारखं वाटे, म्हणून आणखी एक.

मी त्यांना समजावलं. यादीतली जागा माणसाची नसते, कागदाची असते. तो कागद निघून गेला की जागा संपली. पान पाठवलं की ते शेवटीच जाऊन उभं राहतं.

काकांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे रुमाल टाकला अन् रुमालच पुसदले गेला. मी फलाटावरच."

"अगदी तसंच."

"मंग ही कसली गाडी?"

आता सगळं थांबेल असं आम्हाला वाटलं. दुसऱ्या दिवशी थोडं थांबलंही. पण रुमाल टाकायचा नाही म्हटल्यावर प्रत्येकाला आपली जागा जाण्याची धास्ती वाटू लागली. लाइन आली की सगळेच एकदम पान पाठवत. त्यात साहेबांचं पान असे. जिल्ह्याचं मुख्य पान साहेब स्वतः पाहत, आणि त्यावर मोठे फोटो असत. ते प्रिंटरमध्ये शिरलं की बराच वेळ कोणाचंच काही निघत नसे, आणि साहेब ते नेहमी सर्वांत आधी पाठवत. त्यामुळे सगळे अडतात हे त्यांना कोणी सांगत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी काकांचं पान साहेबांच्या पानामागे अडकून पुन्हा शेवटी गेलं. काका उठले, खिशातला रुमाल काढला, आणि तो प्रिंटरच्या झाकणावर आपटला. धुतलेला, कडेला निळ्या रेघा असलेला रुमाल.

"हा घ्या! आता तरी जागा राहीन का माही?"

दारव्हावाला म्हणाला, "काका, नाक तर नाई ना पुसलं त्याले?"

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. त्या रुमालाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "राहीन. राहू द्या तिथंच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून सुतळी आणि कपडे वाळत घालायचे चिमटे आणले. प्रिंटरच्या वर, खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत मी सुतळी बांधली. ठरलं ते असं. ज्याचं पान तयार झालं त्याने आपला रुमाल सुतळीला लावायचा. आधी लावला तो खिडकीकडून पहिला. लाइन आली तरी कोणी आपणहून पान पाठवायचं नाही. ताई रुमालाच्या क्रमाने हाक मारतील, त्याने पाठवायचं. कागद हातात आला की रुमाल काढून न्यायचा, आणि मग पुढची हाक.

यात तांत्रिक असं काही नव्हतं. नागपूरच्या माणसाला फोनवर सांगण्याजोगंही काही नव्हतं. पण रुमालाचा कायदा सगळ्यांना जन्मापासून ठाऊक होता. यादीवर ज्यांचा विश्वास नव्हता त्यांचा सुतळीवर लगेच बसला. पहिल्या संध्याकाळी ताई कंडक्टरसारख्या उभ्या राहिल्या.

"पुसद, सोडा!"

काकांनी बटण दाबलं आणि प्रिंटरजवळ जाऊन उभे राहिले. कागद आला. त्यावर पान होतं.

"डबल बेल द्या, ताई," वणीवाला म्हणाला.

पानं वेळेत जाऊ लागली. रोज नाही, पण बहुतेक दिवस. साहेबांचा रुमालही सुतळीवर लागे. मात्र ते बाहेरगावी किंवा बैठकीत असले की त्यांचा नंबर आपोआप शेवटी येई आणि नियमाची कसोटी लागत नसे. कसोटी लागली ती महिनाअखेरीस, नागपूरहून पाहणीला माणूस आला त्या दिवशी.

उत्पादन विभागातले एक गृहस्थ दुपारी गाडीने आले. मितभाषी होते. ताईंच्या मागच्या खुर्चीवर बसून त्यांनी चहा घेतला आणि पाहत राहिले. त्या दिवशी एक पथक जिल्ह्यात फिरून गेलं होतं. साहेब त्याच्यासोबत पांढरकवड्याकडे गेले होते आणि उशिरा परतले. लाइन नेहमीपेक्षा उशिरा आली. सुतळीवर तीन रुमाल आधीच होते. साहेबांनी चौथा लावला आणि पाहुण्यांकडे पाहून म्हणाले, "आधी मुख्य पान घेऊन टाका, ताई. तेच महत्त्वाचं आहे."

पान खरोखर महत्त्वाचं होतं. त्यावर पथकाचे चार मोठे फोटो होते. ते आधी गेलं असतं तर बाकीची तीन त्याच्यामागे अडकली असती आणि वणीच्या पानावरचे बाजारभावही त्यात अडकले असते. ताईंना हे माहीत होतं, मला माहीत होतं. ज्यांच्या एका शब्दावर ताईंचं यवतमाळ राहणार की जाणार हे ठरायचं होतं ते मागच्या खुर्चीवर बसले होते, आणि ज्यांना नकार द्यायचा ते समोर उभे होते.

ताईंनी सुतळीकडे बोट केलं. "साहेब, तुमचा रुमाल चौथा हाय."

साहेबांनी रुमालांकडे पाहिलं, मग खाली रस्त्याकडे पाहिलं. कदाचित तेही कधीतरी गाडीने पुसदला गेले असतील. ते म्हणाले, "बरं. चौथा तर चौथा." आणि खुर्ची ओढून बसले.

"वणी, सोडा!" ताई म्हणाल्या.

वणी गेलं. दारव्हा गेलं. पुसद गेलं, काकांनी आपला रुमाल काढून घडी घातली आणि कोणी न विचारता म्हणाले, "आता साहेब." मुख्य पान निघायला लागायचा तेवढा वेळ लागला. पण आता त्याच्यामागे कोणी नव्हतं, आणि ते येईपर्यंत बाकीची पानं वाचून, दुरुस्त करून नागपूरला गेलेली होती. मुख्य पानही वेळेत सुटलं. मी बाजारभावाचं जादा प्रूफ घेऊन खाली गेलो आणि काचेला लावलं. टपरीवाल्याने घड्याळाकडे न पाहता मान डोलावली.

वर आलो तेव्हा पाहुणे सुतळीखाली उभे होते आणि एका चिमट्याला हात लावून पाहत होते.

"हे रोज असंच असतं?" त्यांनी ताईंना विचारलं.

"लाइन असली दिवसा, तर नाई लागत," ताई म्हणाल्या. "मंग प्रिंटर आपलं आपलं करते."

ते हसले नाहीत. चिमटा सोडला, आणि गाडी काढायला सांगण्यासाठी खाली गेले.

चार-पाच दिवस काही कळलं नाही. मग सिस्टीमवाल्याचा फोन आला, दुसऱ्याच कामासाठी. बोलता बोलता तो म्हणाला, "सर, यवतमाळचं पेज तिकडंच राहणार म्हणते. ऑर्डर निघाली. पण एक सांगा ना, सेटिंग काय केली तुम्ही? बाकी जिल्ह्यांत बी लावू."

मी फोन ताईंकडे दिला. त्यांना अजून काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी ऑर्डरचं ऐकलं, सेटिंगचं ऐकलं, आणि म्हणाल्या, "सुतळी बांधली, भाऊ." पलीकडून काय विचारलं गेलं ते ऐकू आलं नाही. "हो, सुतळी. साधीच."

पुढच्या आठवड्यात त्यांच्या नवऱ्याचा ट्रक हैदराबादहून वर येताना पांढरकवड्याला थांबला, आणि तो एक दिवस घरी आला. येताना त्याने रुमालांचा एक डबा आणला होता, प्रत्येक टेबलासाठी वेगळा रंग. सगळ्यांचे रुमाल पांढरे असल्यामुळे ओळखायला त्रास होतो, असं ताईंनी कधीतरी फोनवर सांगितलं होतं. त्यांनी ते वाटले. साहेबांना जांभळा आला, वणीला हिरवा, दारव्हाला पिवळा. स्वतःसाठी त्यांनी घेतला नाही. त्यांना लागत नव्हता. त्या प्रिंटरच्या शेजारीच बसत होत्या आणि आता तिथेच बसणार होत्या.

काकांच्या वाट्याला गुलाबी आला. त्यांनी तो परत केला आणि आपला निळ्या रेघांचाच लावला.

"मी पहिल्या दिवशीच सांगतलं होतं," ते मला म्हणाले. "रुमाल टाकला की जागा भेटते. तुम्ही कम्प्युटरवाले उगाच वाद घालून राह्यले होते."

ताईंनी संगणकावरची यादी पाहिली, ती रिकामी होती. त्यांनी सुतळीकडे पाहिलं आणि हाक मारली, "पुसद, सोडा!"